रिकाम्या पट्ट्यांचं शेत

माझ्या दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक एकच वाक्य घेऊन जिना चढतं. "मॅडम, जागा नाही म्हणते." कोण म्हणतं, ते विचारायची गरज नसते. मशीन म्हणतं.

नागपुरात बर्डीच्या बाजारात मोबाइलच्या कव्हरांच्या गर्दीतून आत शिरलं की एक अरुंद जिना लागतो. त्याच्या वर माझं दुकान आहे. पाटी मी मुद्दाम लहान लावली आहे. मोठी लावली की लोक मोबाइलची फुटलेली काच घेऊन येतात, आणि मोबाइलच्या भानगडीत मी पडत नाही. टीव्हीला जोडून खेळायची गेमची मशीनं मी दुरुस्त करते, आणि त्यांना जागा वाढवून देते. नवीन माणूस दारात उभा राहतो, माझ्याकडे बघतो, मग माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघतो आणि विचारतो, दुरुस्तीवाले भाऊ जेवायला गेले का? पूर्वी मला याचा राग यायचा. आता मी सांगते, भाऊ तुमच्यासमोरच बसले आहेत, मशीन काढा. तो लाजतो आणि मग काम नीट सांगतो. लाजलेलं गिऱ्हाईक घासाघीसही कमी करतं.

ज्यांच्या घरात हे मशीन नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. गेमचं मशीन म्हणजे एक बंद डबा. त्याच्या पोटात गेम साठवायला जी जागा असते, ती घेताना भरपूर वाटते. पण आजकालचे गेम असे अगडबंब झाले आहेत की पाच-सहा घातले की डब्याचं पोट भरतं. मग नवीन गेम घ्यायचा तर जुना काढा, नाहीतर बाहेरून एक एसएसडी जोडा. ही एसएसडी म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरायची आणि धक्का लागला की ती रुसायची. हिच्या आत फिरणारं काही नाही, त्यामुळे ती वेगवान असते आणि धक्का सोसते. एक वायर, एक छिद्र, काम झालं. लोकांना वाटतं, यात मॅडम कशाचे पैसे घेतात?

मी त्यांना माळ्याचं उदाहरण देते. घर भरलं की आपण माळा काढतो. दिवाळीचं मोठं पातेलं माळ्यावर ठेवता येतं, पण चिवडा करायचा तर ते खाली ओट्यावर आणावंच लागतं. तसंच आहे. जुन्या पिढीचे गेम या डबीतूनच थेट चालतात. नव्या पिढीचे गेम डबीत नुसते ठेवता येतात. खेळायचे झाले की आधी मशीनच्या आत आणावे लागतात. आणि तिसरी गोष्ट, जी शंभरदा सांगूनही कोणी ऐकत नाही: डबी पहिल्यांदा जोडली की मशीन तिला आपल्या पद्धतीनं तयार करून घेतं, म्हणजे तिच्यातलं आधीचं सगळं पुसून टाकतं. लग्नाचे फोटो असलेली डबी आणून 'हिलाच जोडून द्या' म्हणणारे महाभाग मला दर लग्नसराईनंतर भेटतात. मी डबी हातात घेऊन पहिला प्रश्न विचारते, हिच्यात कोणाचं लग्न आहे का?

दसऱ्यानंतरचा आठवडा माझा सुगीचा. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. मेकॅनिकचे पाने, शिंप्याचं मशीन, हिंगण्याच्या कारखान्यात जाणाऱ्याची मोटारसायकल, सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. मग घरातल्या गेमच्या मशीनलाही लागतं, आणि त्याला जोडलेल्या डबीलाही. महाल भागातल्या एक बाई अशीच डबी घेऊन आल्या होत्या. मशीन तिला ओळखतच नव्हतं. मी मशीन आणायला लावलं, त्याच्या छिद्रात भिंग लावून पाहिलं, तर आत ओलं कुंकू वाळून बसलेलं आणि एक अक्षता. चिमट्यानं अक्षता काढली, ब्रशनं कुंकू काढलं, आणि त्यांना म्हटलं, पूजा वरून करत जा, छिद्रात नको. त्या जरा फणकाऱ्यानंच म्हणाल्या, "मले काय माहीत मशीनचं तोंड कोणतं? नैवेद्य तोंडापाशीच ठेवा लागते न." तेव्हापासून दसऱ्याच्या आधी मी गिऱ्हाइकांना छिद्रांना लावायची रबरी टोपणं फुकट देते.

हिंगण्याच्या कारखान्यातले दोघं एका खोलीत राहायचे. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, आणि दोघांत मिळून एक मशीन. दोघांची भेट दारातच व्हायची, एकाच्या हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत झोप. मशीनमध्ये दोघांचे मोठे गेम एकदम मावत नसत. म्हणून पहिला कामावरून आला की दुसऱ्याचा गेम काढून आपला घालायचा, आणि दुसरा आला की पहिल्याचा काढायचा. तोंडानं भांडायला वेळच नव्हता, म्हणून हे असं भांडण चालायचं. शेवटी एका सुटीच्या दिवशी दोघं एकदम आले आणि माझ्या काउंटरवर एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. मी एक डबी जोडून दिली, दोघांचे गेम त्यात मावले. पुढे एकजण भेटला तेव्हा म्हणाला, आता काही मजा नाही मॅडम, घरी आलो तर माझा गेम जिथल्या तिथं असते.

पण मला सांगायचं आहे ते शुभांगीचं. दिवाळी आठवड्यावर आली होती. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. पस्तिशीची एक बाई धापा टाकत वर आली, तोंडाला अजून साफसफाईचा रुमाल बांधलेला, केसांत जाळं. तिनं पर्समधून डबी काढली आणि काउंटरवर ठेवली. तिच्या मागे कोणी नव्हतं आणि तिनं दुरुस्तीवाल्या भाऊंची चौकशीही केली नाही. तेव्हाच मला कळलं की बाई अडचणीत आहे.

तिनं सांगितलं ते असं. सकाळपासून घराची साफसफाई चालली होती. टीव्हीच्या मागचं जाळं काढायचं म्हणून तिनं सगळ्या वायरी उपसल्या, पुसल्या आणि जिथं जी बसली तिथं ती बसवली. डबीची वायर मशीनऐवजी टीव्हीत बसली. टीव्ही सुरू केल्यावर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं.

"मी ओके दाबलं," ती म्हणाली.

"काय लिहिलं होतं ते वाचलं नाही?"

"वाचलं न. पण ओके नाही दाबलं तं टीव्ही समोर जातच नव्हता."

ही चूक मी पहिल्यांदा पाहत नव्हते. टीव्हीला अशी अनोळखी डबी मिळाली की तो विचारतो, माझ्या कामासाठी हिला तयार करू का? कार्यक्रम साठवायला त्याला ती हवी असते. हो म्हटलं की तो डबी साफ करून मोकळा होतो. आणि साफसफाईच्या दिवशी आपल्या बायका कशालाही हो म्हणतात, कारण पुढचं काम पडलेलं असतं. मी डबी माझ्या कॉम्प्युटरला जोडली. ती कोरी होती. काही उरलं असेल म्हणून थोडी खटपट केली, पण ज्या पद्धतीनं गेमचं मशीन त्यात लिहितं, त्यातून तुकडे जमवून गेम उभा राहत नाही.

मी तिला म्हटलं, घाबरू नका, गेमच आहेत, परत उतरवून घेता येतात. फक्त वेळ लागेल.

तिचं समाधान झालं नाही. तिनं तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि म्हणाली, "गेमचं काही नाही, मॅडम. मामाजीचं शेत होतं त्यात."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, देवरावजी. उमरेडच्या पुढं त्यांचं शेत होतं. कोळशाची खाण सरकत सरकत आली आणि गावातल्या बऱ्याच जणांबरोबर त्यांचंही शेत घेऊन गेली. त्यानंतर ते नागपूरला मुलाकडे राहायला आले. मुलगा नितीन बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात आहे. म्हातारा दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचा, म्हणून नितीननं त्यांना आपल्या मशीनवरचा शेतीचा गेम लावून दिला. त्यात नांगरायचं, पेरायचं, कापायचं, माल बाजारात न्यायचा. पहिल्या दिवशी देवरावजींनी ट्रॅक्टर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढवला आणि गेम करणाऱ्याला शिव्या घातल्या. महिन्याभरात ते असे रमले की चहा निवून जायचा तरी उठायचे नाहीत. हळूहळू त्यांनी त्या गेममध्ये आपलं गेलेलं शेत उभं केलं, असं नितीन सांगायचा.

"तुम्ही पाहिलं नाही कधी?" मी विचारलं.

ती म्हणाली, कुठून पाहणार, मला माझी मालिका पाहायची असते आणि यांचा ट्रॅक्टर चालू असतो. टीव्हीवरून रोज धुसफूस व्हायची. एकदा ती बोलूनही गेली होती की शेत गेलं तरी म्हातारा शेतातून घरी येत नाही.

देवरावजी त्या दिवशी एका मित्राच्या तेरवीला उमरेडला गेले होते आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येणार होते. नितीन कारखान्यात, फोन लॉकरमध्ये. शुभांगीनं काउंटरच्या कडेला दोन्ही हात धरले.

"खाणीत गेलं तेव्हा कोणाचाच इलाज नव्हता, मॅडम. आता माझ्या हातानं गेलं. मी कोणत्या तोंडानं सांगू त्यायले?"

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. गेम डबीत असला तरी तुम्ही त्या गेममध्ये जे काही केलंत, तुमची पेरणी, तुमचं घर, तुम्ही कुठवर पोचलात, त्याला आम्ही सेव्ह म्हणतो, आणि ते बहुतेक वेळा मशीनच्याच पोटात राहतं. माळ्यावरचं पातेलं चोरीला गेलं तरी देव्हारा घरातच असतो, तसं. म्हणजे देवरावजींचं शेत मशीनमध्ये असण्याची शक्यता बरीच होती. पण मी ते तिला छातीठोकपणे सांगितलं नाही. जागा करायची म्हणून आतलंही सगळं पुसून बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना मी आधी 'नक्की आहे' असं सांगून बसले होते आणि नंतर त्यांचे चेहरेही मीच पाहिले होते. मशीन पाहिल्याशिवाय मी आता शब्द देत नाही. मी एवढंच म्हटलं, "मशीन आणलं नाही?"

"डबीच बिघडली न?"

सगळे असेच करतात. दात दुखतो म्हणून दाताचा तुकडा घेऊन डॉक्टरकडे येतात आणि तोंड घरी ठेवतात. मी तिला परत पाठवलं. ती गेली आणि स्कूटीच्या पायदानावर मशीन ठेवून, त्यावर ओढणी गुंडाळून घेऊन आली. मधल्या वेळात तिनं जाळंही काढलं नव्हतं केसांतलं.

मशीन टेबलावरच्या टीव्हीला जोडलं. आधी छिद्र तपासलं, कुंकू नव्हतं. मग आतली यादी उघडली. देवरावजींच्या नावाखाली शेतीच्या गेमचं सेव्ह होतं. मी तिला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ती खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा पाणी प्यायली. पण सेव्ह यादीत दिसणं वेगळं आणि ते उघडणं वेगळं. उघडायला गेम लागतो आणि गेम तर टीव्हीनं पुसला होता. मी डबी मशीनच्या पद्धतीनं पुन्हा तयार केली आणि तिच्यावर गेम उतरवायला लावला. पडद्यावर किती काम झालं ते दाखवणारी पट्टी सरकायला लागली, गोगलगाय बरी.

मी चहा मागवला. आम्ही दोघी बसून राहिलो. शुभांगी कामठीची, बाप रेल्वेत, शेत तिनं फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं. लग्न होऊन आली आणि पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी तिला पेरणीला उभं केलं. आमच्याकडे तिफण नावाच्या पेरणीच्या अवजारानं सोयाबीन पेरतात आणि काही ओळींनंतर एक ओळ तुरीची घालतात. ती तूर पेरायचं काम बाईचं. तिफणीच्या मागं दोरीनं बांधलेली एक पोकळ नळी असते, तिला सरता म्हणतात. तिफण हाकणारा पुढं चालतो आणि बाई सरता हातात धरून, ओटीतून मूठ भरत भरत त्यात तुरीचे दाणे सोडत मागून चालते. पुढं देवरावजी, मागं ही नवी सून. चिखलात पाय रुतत होते, बांगड्या सरत्याला लागत होत्या, आणि सासरा मागं वळून बघत नव्हता. पीक उगवून आलं तेव्हा सगळ्या गावाला दिसलं की सुनेची तूर कशी आली आहे. देवरावजी वर्षभर चिडवायचे. ती हे सांगताना हसली. मग म्हणाली, ते शेत आता खड्डा आहे, तिथं खाली पाहिलं की चक्कर येते.

तोवर दुपार कलली होती. पट्टी पूर्ण सरकली. मी गेम सुरू केला आणि सेव्ह उघडलं.

शेत आलं. हिरवंगार सोयाबीन, कडेला धुरा, धुऱ्यावर दोन झाडं, एका कोपऱ्यात विहिरीसारखं काही. शुभांगी खुर्चीवरून पुढं सरकली. पण त्या हिरव्या पिकात मधे मधे उघड्या जमिनीच्या पट्ट्या होत्या. ठरावीक अंतरावर एक पट्टी कोरी, परत पीक, परत पट्टी कोरी. असं चित्र मी आधी पाहिलेलं आहे. सेव्ह लिहिलं जात असताना वीज गेली किंवा वायर ओढली गेली की ते अर्धवट राहतं, आणि उघडल्यावर मधली मधली माहिती गायब असते. सकाळी हिनं वायरी उपसल्या तेव्हा मशीन झोपवलेलं असलं पाहिजे, पूर्ण बंद नव्हतं. सेव्ह खराब झालं होतं. तिला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते.

"शुभांगीताई," मी म्हटलं, "शेत आहे, पण पूर्ण वाचलेलं दिसत नाही. या रिकाम्या पट्ट्या दिसतात ना, तिथलं पीक गेलं आहे. हे मला भरून देता येणार नाही."

ती पडद्याकडे एकटक बघत राहिली. मला वाटलं, रडणार. मग तिनं मला विचारलं, हा माणूस चालवता येते का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "धुऱ्यावर न्या त्याले. त्या झाडापाशी."

मी गेममधला माणूस झाडाखाली नेला. तिनं मला तिथून शेताकडे तोंड करायला लावलं. आता पट्ट्या आमच्या समोरून सरळ लांब गेलेल्या दिसत होत्या. ती पट्ट्यांमधल्या सोयाबीनच्या ओळी बोटानं मोजत होती.

"गेलं नाही मॅडम काही," ती म्हणाली. "तुरीची तासं हायत हे."

आमच्याकडे शेतातल्या ओळीला तास म्हणतात. मी नागपुरात जन्मले, डाळ रोज खाते, पण तुरीचं तास ओळखायचं कारण कधी पडलं नव्हतं. तिनं मला समजावलं. देवरावजी नितीनपाशी कुरकुरायचे ते तिनं ऐकलं होतं: या गेममध्ये सोयाबीन आहे, कापूस आहे, मका आहे, पण तूर नाही. गेम करणारे लोक कुठले कोण, त्यांना तूर कुठून माहीत असणार. म्हणून देवरावजींनी प्रत्येक तुरीच्या तासाची जागा तशीच मोकळी सोडली होती. दुसरं काही पेरलं नव्हतं.

मग मी आणखी एक गोष्ट पाहिली, जी मी आधीच पाहायला हवी होती. सेव्ह खराब झालं की माहिती चौकोनी तुकड्यांनी जाते, सरळ कापल्यासारखी. इथं धुऱ्याकडून तिसरी पट्टी अर्ध्यापर्यंत सरळ गेली होती आणि मग डावीकडे झुकली होती, परत सावरली होती, शेवटी पुन्हा झुकली होती. असं वाकडं काही आपोआप होत नाही. मी शुभांगीला ती पट्टी दाखवली आणि विचारलं, ही अशी का?

तिनं तोंडावर हात ठेवला.

"हे माझं तास आहे," ती म्हणाली. "पहिल्या वर्षीचं. असंच आलं होतं. इथं माझा पाय घसरला होता, अन् इथं सरता सुटला होता हातातून." ती पडद्यापाशी गेली आणि त्या वळणांवर बोट फिरवत राहिली. काही वेळानं म्हणाली, "वर्षभर चिडवलं मले. मी समजत होती त्यायले राग होता."

मला त्या वेळी वाईट वाटलं की बरं वाटलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. इतकी वर्षं मी लोकांना जागा करून देते आहे. त्या जागेत लोक काय ठेवतात, ते मी फार कमी वेळा पाहिलं आहे. यादी बघायची, सेव्ह आहे की नाही ते तपासायचं, पुढचं गिऱ्हाईक. लवकरच हे कामही राहणार नाही. गेम म्हणे सगळे नेटवरूनच चालतील, ना डबी लागेल ना मी. त्याचं मला फारसं दुःख नाही. पण असे किती सेव्ह मी न उघडताच परत दिले, याची चुटपुट त्या दिवसापासून लागली आहे.

मी सगळं बंद करून दिलं, डबीवर मार्करनं 'टीव्हीला लावू नये' असं ठळक लिहिलं, आणि मशीन तिच्या ओढणीत बांधून दिलं. जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हटलं, आता काही गेलेलं नाही, तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कधी कळणारही नाही. ती म्हणाली, बघते. आणि तिथंच तिनं केसांतलं जाळं ओढून काढलं.

जानेवारीत एक उंच, वाळका म्हातारा कठडा धरत धरत माझा जिना चढून आला. हातात कापडी पिशवी. दारात थांबून त्यानं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "शेत पाहिलं ते मॅडम तुम्हीच का?"

देवरावजी. पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या, उमरेडला बहिणीच्या शेतातल्या. मीठ घालून उकडा म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली. शुभांगीनं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं, ते दारात चप्पल काढत होते तेव्हाच. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"काय म्हणणार? म्हटलं, गेलं असतं तं पुन्हा पेरलं असतं." मग म्हणाले, "पण ते वाकडं तास मले पुन्हा जमलं नसतं, बाई. लई दिवस लागले त्याले. गेममधला ट्रॅक्टर सरळच चालते."

मी त्यांना विचारलं, इतक्या लांब शेंगा द्यायला आलात की काही काम आहे? काम होतं. त्यांना आणखी एक कंट्रोलर हवा होता. कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचा तो बटणांचा ठोकळा. मी त्यांना समजावलं की त्यांच्या या गेममध्ये एका पडद्यावर दोघांना खेळता येत नाही; दुसरा कंट्रोलर घेतला तरी नुसता पडून राहील.

"माहीत हाय जी मले," ते म्हणाले. "नितीन म्हणाला. पण शुभांगी आता बाजूले येऊन बसते. म्हणते, मामाजी इकडं वळवा, मामाजी धुऱ्याले लागून राहिलं. दोघं मिळून पेरून राहिलो आम्ही, अन् ती रिकाम्या हातानं बसते. ते बरं नाही दिसत. तिफण का एकट्याची असते?"

मी मग टेबलाच्या खालच्या खणातून एक जुना कंट्रोलर काढला. त्याच्या आतली सर्किटची पाटी जळलेली होती, सुट्या भागांसाठी म्हणून मी तो ठेवला होता. मी त्यांना खरं ते सांगितलं, काकाजी, हा चालत नाही, कधीच चालणार नाही.

"मग हाच द्या," देवरावजी म्हणाले. "चालणारा दिला तं भांडण होईल."

मी ब्रश घेतला आणि त्याच्या फटींतली धूळ काढली. उजवीकडचं एक बटण दाबलं की अडकून बसत होतं. ते मी उघडून, साफ करून मोकळं करून दिलं.